जिन्यावरचा राउटर

जयंतराव खैरनार निवृत्त झाले तेव्हा ऑफिसातल्या मंडळींनी त्यांना आरामखुर्ची भेट दिली होती. त्याला सात वर्षं झाली. त्या खुर्चीत त्यांच्यापेक्षा इस्त्रीचे कपडेच जास्त वेळ बसले. स्वस्थ बसणं हा त्यांच्या लेखी आजारपणाचाच एक प्रकार होता. सुरतच्या सिंचाई खात्यात तेहतीस वर्षं काढलेली, त्यातली शेवटची आठ हेडक्लार्क म्हणून. त्यामुळे घरात साधी टॉर्च घ्यायची झाली तरी तीन दुकानांतली माहिती वहीत उतरल्याशिवाय ती उंबरठा ओलांडत नसे. वही लांबट, लाल पुठ्ठ्याची. तिच्यावरच्या चिठ्ठीवरचं नाव तेवढं दर वेळी बदलायचं. या आठवड्यात त्या चिठ्ठीवर 'राउटर' असं लिहिलेलं होतं.

कारण सोमवारी घडलं. दुपारी बाराच्या सुमाराला सूनबाई, म्हणजे मानसी, वरच्या खोलीतून खाली येता येता जिन्याच्या मधल्या वळणावरच बसली. पुण्याच्या एका विमा-सॉफ्टवेअर कंपनीत तिची नोकरी. दोन वर्षांपूर्वी तुषारशी लग्न होऊन ती सुरतेत डिंडोलीला आली, तेव्हा कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली होती. पण त्या महिन्यात तिसऱ्यांदा ऐन मीटिंगमध्ये तिचा आवाज तुटला, चेहरा गोठला आणि ती पडद्यावरून नाहीशी झाली. साहेबांनी नंतर फोन केला आणि अगदी शांतपणे सांगितलं की शुक्रवारी साडेअकराला मुंबईच्या मोठ्या ग्राहकापुढे तिला पाऊण तास बोलायचं आहे. तेव्हाही लाइन पडली तर पुढच्या महिन्यापासून तिनं पुण्याच्या ऑफिसात येऊन बसायचं. मोबाईलवरून नेट जोडून वेळ मारून न्यावी म्हटलं, तर त्याला ऑफिसची बंदीच होती.

"मला जायचं नाहीये, बाबा," ती म्हणाली. आवाज साधाच होता, पण ती जिन्यावरून उठत नव्हती.

जयंतरावांनी मनातल्या मनात हिशेब मांडला. तुषार पलसाण्याच्या एका प्रोसेस हाउसात, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, केमिस्ट. तो आधी दर शनिवारी पुण्याला जाईल, मग महिनाभर तिकडे राहून बघेल, मग तिकडेच नोकरी शोधेल. थोरला अमित बंगळूरला सहा महिन्यांसाठी म्हणून गेला होता, त्याला आता नऊ वर्षं झाली. त्याचीच खोली मानसीचं ऑफिस झाली होती आणि त्याच्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरवर जयंतरावांच्या पत्नीनं, अलकाबाईंनी, शिवलेलं कव्हर अजून तसंच होतं. अमित गेल्यावर अलकाबाई कित्येक वर्षं कामापुरतंच बोलत असत. मानसी आली, दुपारी चारला दोघी चहा घेऊन वर बसायला लागल्या, तेव्हा कुठे घरात आवाज आला. जयंतरावांना भीती वाटली. आणि भीती वाटली की ते यादी करायला बसत.

अलकाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्यांनी एकच विचारलं, शुक्रवारी नक्की किती वाजता. मग आत जाऊन त्यांनी भाजीखालचा गॅस बारीक केला.

मंगळवारचा अर्धा दिवस जयंतरावांनी राउटर निवडण्यात घालवला. जुना डबा सात वर्षांचा होता, केबलवाल्या भूपेंद्रनं फुकटात बसवलेला. त्याला एकच अँटेना, तीही रबरबँडनं बांधलेली. तो बदलायचा हे नक्की, पण कोणता घ्यायचा? पहिल्या दुकानदारानं त्यांना सहा अँटेनांचा दाखवला, कारण सहा म्हणजे चारपेक्षा जास्त. जयंतरावांनी त्याला विचारलं की आमच्या घराची स्लॅब साडेपाच इंचाची आहे, तिच्यातून याचा सिग्नल वर जाईल का. त्यानं आयुष्यात स्लॅबची जाडी विचारणारं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं. दुसऱ्यानं वेगाचे आकडे सांगितले, ते जयंतरावांनी उतरवून घेतले आणि डब्यावरच्या आकड्यांशी ताडून पाहिले, तेव्हा ते जुळेनात. तिसऱ्या दुकानात मात्र एक पोक्त बाई होत्या. त्यांनी दोन पट्ट्यांचा राउटर समोर ठेवून सांगितलं की एक पट्टा जोरात चालतो पण लांब पोचत नाही, दुसरा सावकाश चालतो पण भिंती ओलांडतो.

हे जयंतरावांना एका झटक्यात समजलं. मुख्य कालवा आणि शेवटच्या शेतापर्यंत जाणारी चारी, दुसरं काय? उभा जन्म त्यांनी त्याच कागदांवर शेरे मारले होते. चार अँटेनांचा, दोन पट्ट्यांचा तो राउटर त्यांनी तिथेच पसंत केला आणि रिक्षात बसून घरी येईपर्यंत मांडीवरून खाली ठेवला नाही. पैसे मानसीनं दिले, त्यावर त्यांना बोलूच दिलं नाही.

मग जागेचा प्रश्न आला. फोन हातात धरून, त्यावरच्या सिग्नलच्या काड्या मोजत ते घरभर फिरले. टीव्हीजवळ, फ्रिजवर, देव्हाऱ्याच्या बाजूला, बाथरूमच्या दारावर. जुना डबा हातात देऊन एकेका ठिकाणी तुषारला त्यांनी दीड तास उभं केलं, तेही तो शिफ्टवरून थकून आलेला असताना. शेवटी जिन्याच्या मधल्या वळणावर, जिथे मानसी सोमवारी बसली होती, बरोबर तिथे, डोक्याच्या उंचीवर फळी ठोकायचं ठरलं. तिथून खाली हॉल, वर मानसीची खोली, दोन्हीकडे सारखं अंतर. फळी त्यांनी स्वतः ठोकली, पाण्याच्या लेव्हलनं तपासून.

संध्याकाळी सातला भूपेंद्र राणा आला. पंचेचाळिशीचा, कमरेला वायरकटर लावलेला, बोलणं अर्धं गुजराती अर्धं हिंदी. त्यानं फायबरची वायर वळणापर्यंत आणली, राउटरच्या पोटाखालचा छापील कागद वाचला, फोनवर एक पान उघडून त्यात आपल्या डायरीतलं नाव आणि पासवर्ड भरला. लाल दिवा हिरवा झाला. नवीन जोडणीला नाव काय द्यायचं म्हणून त्यानं विचारलं, तेव्हा जयंतरावांनी 'खैरनार मुख्य कालवा' असं सांगितलं आणि मानसी पहिल्यांदाच हसली. वरच्या खोलीत नेट असं धावलं की भूपेंद्रनंही मान डोलावली. जयंतरावांनी वेळ घालून वहीत नोंद केली.

अलकाबाई एवढा वेळ कोपऱ्यात उभ्या होत्या. सगळे खाली गेल्यावर त्यांनी शिवणाच्या डब्यातला टेप आणला आणि राउटरची लांबी-रुंदी मोजून घेतली.

यात कोणालाच काही विशेष वाटलं नाही, कारण त्या घरात काहीही उघडं नसे. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, शिवणयंत्राला, पंख्याला थंडीत, रिमोटला बारा महिने. जुन्या राउटरलाही सुती फुलांचं कव्हर होतंच. ही सवय उधन्याची. लग्न होऊन अलकाबाई आल्या त्या उधन्याच्या चाळीत, जिथे दोन्ही बाजूंना लूम दिवसरात्र चालत आणि धाग्यांचे बारीक तंतू दुधाच्या सायीवरसुद्धा येऊन बसत. त्यांच्या माहेरून आलेला रेडिओ त्या तंतूंनी घुसमटून पहिल्याच वर्षी बंद पडला. तेव्हापासून त्यांनी कव्हरं शिवायला घेतली. महापालिकेच्या मराठी शाळेत त्या शिक्षिका होत्या, दुपारच्या पाळीच्या. साडेदहाला शाळेला निघण्याआधी फडकं मारून सगळं घर झाकायचं आणि दिवेलागणीला परत आल्यावर उघडायचं. उधना सुटलं, डिंडोलीत स्वतःचं घर झालं, पुढे नोकरीही संपली, पण साडेदहाला झाकायची आणि दिवेलागणीला उघडायची वेळ काही सुटली नाही.

बुधवारी सकाळी सातला जयंतरावांनी वर जाऊन वेग तपासला. झकास होता. साडेदहाला अलकाबाई फडकं घेऊन आल्या आणि राउटरला नवं कव्हर चढवलं. जांभळट लाल रंगाचं, दुहेरी शिवलेलं, अंगभर सोनेरी वेलबुट्टी, आणि चार अँटेनांना चार वेगळ्या बाह्या. राउटर पोळ्याच्या बैलासारखा सजला. जयंतराव घाईत होते, तरी थांबून म्हणाले की शोभतंय हो. अलकाबाईंनी कव्हराचं टोक सारखं केलं आणि त्या खाली गेल्या.

साडेअकराला मानसीची सरावाची मीटिंग होती. पावणेबाराला ती खोलीच्या दारात आली, चेहरा उतरलेला. आवाज तुटत होता, चित्र अडकत होतं, दोनदा ती बाहेर फेकली गेली. जयंतरावांनी भूपेंद्रला फोन करून झाडलं. भूपेंद्र संध्याकाळी सातला आला, त्यानं वायरीचं टोक कापून नवं बसवलं, वर जाऊन तपासलं तर नेट घोड्यासारखं धावत होतं. जयंतरावांना हायसं वाटलं. त्यांना रात्रीचं जेवण गेलं.

गुरुवारी सकाळी सातला पुन्हा झकास आणि अकरा वाजता पुन्हा तेच रडगाणं. मानसीनं या वेळी वाट पाहिली नाही, लॅपटॉप उचलला आणि सरळ जिन्यात राउटरच्या खाली पायरीवर जाऊन बसली. तिथे लाइन टिकली. पण खालच्या स्वयंपाकघरात कुकरनं चार शिट्या दिल्या, रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला, आणि पुण्याचे साहेब म्हणाले की उद्या ग्राहकापुढे तुम्ही अशाच जिन्यात बसणार आहात का. ते हसत म्हणाले, हेच वाईट.

त्या दुपारी जयंतराव जेवले नाहीत. वही उघडून येरझाऱ्या घालत त्यांनी दोन दिवसांच्या नोंदी पुन्हा पुन्हा वाचल्या. सकाळी सातला चांगलं. संध्याकाळी सातला चांगलं. अकराच्या पुढे वाईट, दोन्ही दिवस. म्हणजे अकराच्या आधी असं काहीतरी सुरू होतं की जे दिवेलागणीला बंद होतं. त्यांना वाटलं, आपण गुन्हेगाराच्या दारापर्यंत पोचलो. आणि ते तसे पोचलेही होते, फक्त त्यांनी दार भलत्याचंच वाजवलं.

शेजारच्या घराच्या तळमजल्यावर मगनभाईंची एम्ब्रॉयडरीची चार मशीनं होती. ती सकाळी दहाला सुरू होत आणि सातला थांबत. भिंत एकच. जयंतराव चपला घालून तडक तिथे गेले आणि मशीनच्या खडखडाटात मगनभाईंना पंधरा मिनिटं समजावलं की तुमच्या मोटरींमुळे आमच्या लहरींत अडथळा येतो. मगनभाईंना लहरी समजल्या नाहीत. पण उद्याची मीटिंग बिघडली तर सून पुण्याला जाईल, हे समजलं. त्यांची स्वतःची सून गेल्या वर्षी वेगळी झाली होती. उद्या अकरा ते सव्वाबारा सगळी मशीनं बंद ठेवीन, कारागिरांना चहाची सुट्टी देईन, असं ते कबूल झाले.

"जाशे नहीं, काका," सून कुठे जात नाही असा धीर देत ते निघताना म्हणाले. "तमे चिंता ना करो."

पण चिंता न करणं जयंतरावांना जन्मात जमलेलं नव्हतं. परत आल्यावर त्यांनी भूपेंद्रला पुन्हा फोन लावला. उद्या काहीही झालं तरी अकराच्या आत माझ्या घरी हवास, एरवीसारखं संध्याकाळी नको, असं त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

शुक्रवार उजाडला. जयंतरावांची अंघोळ साडेपाचलाच झाली होती. सातला तपासलं, उत्तम. आठला, नऊला, दहाला तपासलं, उत्तम. जिना चढून उतरून त्यांचे गुडघे बोलायला लागले. मानसी पांढरा कुर्ता घालून, केस बांधून, खोलीत आपलंच भाषण पुटपुटत होती. तुषार पलसाण्याहून दर अर्ध्या तासानं मेसेज पाठवून काय झालं म्हणून विचारत होता आणि अजून काहीच झालेलं नव्हतं. साडेदहाला अलकाबाई फडकं घेऊन जिना चढून आल्या. आज त्यांनी राउटर जरा जास्तच निगुतीनं पुसला, कव्हर चढवलं, चारही बाह्यांच्या नाड्या घट्ट बांधल्या. त्यांचा हात नीट पोचावा म्हणून जयंतराव भिंतीला चिकटून बाजूला सरकले.

अकराला भूपेंद्र आला. अकराच्या ठोक्यालाच मगनभाईंची मशीनं थांबली. एवढ्या वर्षांत त्या गल्लीत दिवसाउजेडी अशी शांतता कोणी ऐकली नव्हती. समोरच्या सरलाबाई, कोणी गेलं की काय, म्हणून गॅलरीत येऊन बघू लागल्या.

अकरा वाजून वीस मिनिटांनी वरून मानसीचा आवाज आला. "बाबा, एकच काडी दाखवतंय."

मशीनं बंद, वायर नवी, राउटर नवा, फळी लेव्हलमध्ये. दोष द्यायला आता कोणीच उरलं नव्हतं. ते जिन्यात उभे राहून नुसतेच वर बघत होते. खाली स्वयंपाकघराच्या दारात कणकेच्या हातांनी अलकाबाई उभ्या होत्या.

राउटर बंद करून पुन्हा चालू करावा म्हणून भूपेंद्रनं मागच्या बटणासाठी हात वर नेला. कव्हराला बोटं लागली आणि तो थांबला. त्यानं ते कापड अंगठा आणि तर्जनीत धरून चोळलं. मग काठाचा एक सोनेरी धागा नखानं उकलला, आतून बारीक लाल रेशीम दिसलं. चष्मा कपाळावर चढवून त्यानं ते अगदी डोळ्याजवळ नेलं.

"काका," तो म्हणाला, "आ तो असल जरी छे."

जयंतरावांना कळेना, हा माणूस अशा वेळी कापड काय बघत बसलाय. पण भूपेंद्रचे वडील आणि आजोबा दोघेही जुन्या सुरतेत जरीची तार ओढायचे. त्याचं लहानपण त्याच तारांत गेलं होतं. तो घाईघाईनं सांगू लागला की हा नुसता चमकीचा धागा नाही, रेशमावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार आहे, आत तांबं, वर सोन्याचं पाणी. आणि इथे तर ती दोन पदरी, इंचाइंचाला भरलेली. म्हणजे धातूची जाळीच की ही, हिच्यातून लहरी बाहेर पडणार कुठून.

"तमे राउटरने तिजोरीमां पूर्यो छे, काका."

पुढची दोन मिनिटं जयंतराव कधी विसरले नाहीत. नाड्या घट्ट होत्या. पहिली सुटली, दुसरी सुटली, तिसरीची गाठ बसली. भूपेंद्रनं वायरकटर काढला तेव्हा जयंतरावांनी त्याचा हात बाजूला सारला आणि दातांनी गाठ सोडवली. कव्हर वर उचललं तशी त्यातून गरम वाफ तोंडावर आली.

"बाबा," मानसीचा आवाज आला, "आलं. पूर्ण आलं." आणि मग तिच्या खोलीचं दार बंद झालं.

अकरा वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती. भूपेंद्रनं कपाळ पुसलं. जाता जाता त्यानं कव्हराकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "कोना लग्ननी छे? आवी हवे नथी बनती."

कोणाच्या लग्नातली आहे, अशी आता बनत नाही, असं तो म्हणाला आणि जयंतराव हातातल्या कापडाकडे बघत राहिले. जांभळट लाल. काठाला एकमेकांकडे पाठ केलेले दोन मोर. नंदुरबारचा मांडव, मे महिन्यातला उकाडा, आणि त्यांच्या उपरण्याला गाठ मारलेला हाच पदर. एक्केचाळीस वर्षं झाली होती. तीन दिवस तो त्यांच्या नाकासमोर होता, दिवसातून वीस वेळा ते त्याच्या शेजारून चढले-उतरले, शोभतंय म्हणाले, आणि त्यांनी तो ओळखला नाही. वहीत स्लॅबची जाडी होती, अँटेनाची लांबी होती. त्यांना स्वतःची लाज वाटली.

खाली अलकाबाई दारात तशाच उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. भूपेंद्र त्यांना नमस्कार करून निघून गेला. जयंतराव पायरीवर बसले, आणि थोड्या वेळानं अलकाबाईही हात धुऊन येऊन दोन पायऱ्या खाली बसल्या. वरून मानसीचा आवाज अखंड येत होता, शब्द कळत नव्हते, पण तुटत नव्हता. पाऊण तास दोघं ते ऐकत बसले. जयंतराव एका जागी पाऊण तास बसल्याची ती निवृत्तीनंतरची पहिलीच वेळ.

सव्वाबाराला पलीकडे मशीनं सुरू झाली आणि वरचं दार उघडलं. मानसी दोन-दोन पायऱ्या उतरत आली. झालं सगळं, ग्राहक खूश, साहेबांनी पुण्याचं नावसुद्धा काढलं नाही, उलट असंच चालू दे म्हणाले. ती वाकून अलकाबाईंच्या गळ्यात पडली, मग तुषारला फोन करायला वळली, आणि वळता वळता तिची नजर फळीकडे गेली.

"आई, कव्हर कुठे गेलं? किती छान दिसत होतं."

"धुवायला काढलंय," अलकाबाई म्हणाल्या.

कव्हर जयंतरावांच्या पाठीमागे होतं. मानसी फोन कानाला लावून वर गेली. ती दाराआड होईपर्यंत अलकाबाई थांबल्या.

"माझ्यामुळे गेली असती का हो ती?"

तीन दिवसांत जयंतरावांनी दुकानदाराला, स्लॅबला, भूपेंद्रला, वायरीला आणि मगनभाईंच्या मशीनांना दोष दिला होता. प्रत्येकाच्या नावापुढे वहीत कारण लिहिलेलं होतं. आता खरं कारण त्यांच्या हातात होतं आणि ते त्यांना लिहायचं नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "जागा मी ठरवली. माझ्या डोळ्यांदेखत तू ते रोज घालत होतीस. बघायचं काम माझं होतं."

अलकाबाईंनी मान हलवली. त्यांना ते पटलं नव्हतं. पस्तीस वर्षं शाळेत मुलांच्या सबबी ऐकलेली बाई ती. पण त्यांनी वाद घातला नाही. त्यांनी हात पुढे केला, जयंतरावांनी कव्हर त्यांच्या हातात दिलं, आणि त्या चार रिकाम्या बाह्यांवरून बोटं फिरवत म्हणाल्या की हा शालू खरं तर मानसीचाच होता. थोरल्यानं तिकडेच लग्न उरकलं, म्हणून धाकट्याच्या बायकोसाठी ठेवला होता. तिच्या लग्नाच्या वेळी ट्रंकेतून काढला तर घडीघडीवर विरलेला. नेसवणार कसा? दाखवलासुद्धा नाही तिला. पदर तेवढा धड राहिला होता.

"म्हटलं, तिचं सगळं त्या डब्यावर आहे. तर तिचा शालू त्याला घालावा. आपल्या हातून एवढं तरी."

जयंतरावांनी अलकाबाईंच्या मनगटावर हात ठेवला, तिथे अजून थोडी कणीक सुकलेली होती. मला ओळखता आला नाही, असं त्यांना सांगायचं होतं. पण ते अलकाबाईंना ठाऊक होतं, बुधवारीच कळलं होतं, ते शोभतंय म्हणून पुढे निघून गेले तेव्हाच.

शनिवारी साडेदहाला अलकाबाई नेहमीप्रमाणे फडकं घेऊन निघाल्या. टीव्ही झाकला, मिक्सर झाकला, रिमोट पिशवीत घातला. जिन्याच्या वळणावर येऊन त्या थांबल्या. राउटर उघडा होता, चार दिवे लुकलुकत होते. साऱ्या घरात तेवढी एकच वस्तू उघडी, आणि ते त्यांना बघवत नव्हतं. पलीकडे मगनभाईंची मशीनं खडखडत होती.

"तंतू बसतील त्यावर," त्या म्हणाल्या.

जयंतराव वरच्या पायरीवर उभे होते, आधीच येऊन. त्यांनी त्यांच्या हातातलं फडकं घेतलं.

"मी पुसत जाईन," ते म्हणाले. "रोज. साडेदहाला."

आणि त्यांनी पुसायला घेतलं. आधी वरून, मग कडा, मग एकेक अँटेना खालून वर. अलकाबाई दोन पायऱ्या खाली उभ्या राहून बघत होत्या. मागच्या बाजूला थोडं राहिलंय म्हणून त्यांनी बोट दाखवलं, तेव्हा त्यांनी तेही पुसलं.